पावसाळ्यात फुगणारा, उन्हाळ्यात भुगा होणारा बाथ बॉम्ब : पुण्याच्या हवेत नेमकं काय बिघडतं

रात्री साच्यातून छान गुळगुळीत गोळा निघतो. सकाळी बघावं तर तो खालून पसरलेला, अंगभर बारीक फोड आलेले आणि एका बाजूला फट. जूनच्या मध्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत पुण्यात नव्याने बाथ बॉम्ब (अंघोळीच्या पाण्यात टाकला की फसफसणारा सुवासिक गोळा) करायला घेणाऱ्यांची सगळ्यात जास्त तक्रार हीच असते. "ताई, माप तंतोतंत घेतलं होतं, वजनकाट्यावर मोजलं होतं, तरी असं कसं?" माप बरोबरच असतं. त्या मापात न मोजलेलं पाणी कुठून तरी शिरलेलं असतं, आणि ते कुठून शिरलं हे शोधलं की निम्म्याहून जास्त तक्रारी सुटतात. बाथ बॉम्बचं जवळजवळ प्रत्येक दुखणं पाण्याशी येऊन थांबतं, मग ते फुगणं असो, भुगा होणं असो की टबात टाकल्यावर फेस न येणं.

आधी एक साधं प्रमाण समोर ठेवू, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. खायचा सोडा २०० ग्रॅम, सायट्रिक अॅसिड १०० ग्रॅम (किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळतं तेच), कॉर्नफ्लोअर ५० ग्रॅम, तेल २ छोटे चमचे, आणि मिश्रण बांधण्यापुरता कसला तरी फवारा. सुवास हवा असेल तर एवढ्या मिश्रणाला २ मिली सुगंधी तेल पुरे. सोडा आणि आम्लाचं हे २ ला १ प्रमाण जगभर चालतं आणि ते बदलायची गरज नाही. रसायनशास्त्राच्या हिशेबाने १०० ग्रॅम निर्जल सायट्रिक अॅसिडला १३१ ग्रॅम सोडा पुरतो. उरलेला सोडा पाणी आंबट होऊ देत नाही, म्हणून त्वचा चुरचुरत नाही. फेस वाढावा म्हणून आम्ल वाढवू नका. फेस वाढतो खरा, पण गोळाही तितकाच लहरी होतो.

रात्रीतून फुगणं आणि फोड येणं

सोडा आणि सायट्रिक अॅसिड कोरडे असताना शेजारी शेजारी शांत पडून राहतात. पाणी लागलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि त्याबरोबर आणखी पाणीही तयार होतं. ही गोष्ट बहुतेक कृतींमध्ये सांगितलेलीच नसते आणि सगळा घोळ तिथेच आहे. १०० ग्रॅम निर्जल सायट्रिक अॅसिड पूर्ण वापरलं गेलं तर जवळपास २८ ग्रॅम पाणी तयार होतं. म्हणजे एका जागी चार थेंब पाणी जास्त झालं, तर तिथली क्रिया स्वतःच पुढचं पाणी पुरवत राहते. संध्याकाळी जे किरकोळ वाटलं ते सकाळपर्यंत गोळ्याच्या पोटात शिरलेलं असतं. म्हणून "थोडासा फेस आला होता, पण दाबून बसवला" असं कुणी सांगितलं की मला लगेच कळतं, तो गोळा टिकणार नाही.

ओळखायची खूण हातालाच कळते. ही क्रिया उष्णता ओढून घेते, त्यामुळे बिघडायला लागलेलं मिश्रण गार लागतं. कालवताना परातीतला एखादा भाग बाकीच्यापेक्षा गार आणि किंचित फुगीर वाटला, तर तिथे ओल जास्त झाली आहे. तो भाग लगेच पसरून कोरड्या सोड्यात मोडून टाका.

आता हे पाणी येतं कुठून ते एकेक करून पाहू.

पहिलं आणि सगळ्यात मोठं कारण गुलाबपाणी. घरात असतं, वास छान असतो, म्हणून फवाऱ्याच्या बाटलीत तेच भरलं जातं. गुलाबपाणी हे जवळपास सगळं पाणीच. परदेशी कृतींत "थोडं पाणी शिंपडा" असं लिहिलेलं असतं, आणि ते तिथे चालून जातं. १९८९ साली इंग्लंडमध्ये मो कॉन्स्टंटाइन यांनी पहिला बाथ बॉम्ब केला, पुढे तो लश कंपनीचा ओळखीचा माल झाला. त्या मुलखात हिवाळ्यात घरं तापवलेली असतात आणि आतली हवा कोरडी होते, शिंपडलेलं पाणी तासाभरात उडून जातं. जुलैतल्या पुण्यात ते उडायला जागाच नसते.

पाण्याऐवजी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा, आणि पावसाळ्यात ९९ टक्क्यांचंच. मोबाइल दुरुस्तीवाले सर्किट पुसायला वापरतात ते हेच. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात विचारून बघा, ऑनलाइनही मिळतं. हात निर्जंतुक करायचं जे द्रावण घरोघरी उरलेलं आहे ते बहुधा ७० टक्क्यांचं असतं, म्हणजे उरलेल्यात मुख्यतः पाणी. त्यातलं जेल तर अजिबात घेऊ नका. आणि हे अल्कोहोल चटकन पेट घेतं. गॅस बंद, देवघरातला दिवा शांत झालेला, खिडकी उघडी, एवढं बघूनच बाटली उघडा.

दुसरं कारण खुद्द सायट्रिक अॅसिड. ते दोन प्रकारचं मिळतं. पिशवीवर मोनोहायड्रेट लिहिलेलं असेल तर त्याच्या १०० ग्रॅममध्ये साडेआठ ग्रॅम पाणी स्फटिकातच अडकलेलं असतं. अनहायड्रस लिहिलेलं असेल तर ते निर्जल. सुट्या पुडीवर काहीच लिहिलेलं नसतं, तेव्हा दुकानदाराला मूळ पिशवी दाखवायला सांगा, त्यात संकोच कसला. शिवाय हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की सायट्रिक अॅसिड हवेतलं पाणी ओढायला लागतं, आणि पुण्यात जुलै-ऑगस्टच्या सकाळी आर्द्रता ८० च्या पुढे असणं नेहमीचंच. उन्हाळ्यात फोडलेली आणि रबर लावून ठेवलेली पुडी पावसाळ्यात खडा धरते. तो खडा मिक्सरमधून काढून वापरू नका, आमटीत घाला नाहीतर किटली स्वच्छ करायला ठेवा.

मिक्सरवरून आठवलं. किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व जाडसर असतं आणि ते दळून घ्यावंच लागतं, नाहीतर गोळ्याच्या पृष्ठभागावर प्रत्येक दाणा वेगळा फुलतो आणि फोड दिसतात. पण नुकतं धुतलेलं भांडं पात्याखाली ओलं असतं. ते आदल्या दिवशी धुऊन पालथं घाला. दळल्यावर झाकण लगेच उघडू नका, ती धूळ डोळ्यात आणि नाकात फार झोंबते. तोंडाला मास्क बांधा.

तिसरं कारण एप्सम सॉल्ट. नव्या लोकांना ते घालायचा मोह होतो, कारण "पाय दुखायचे थांबतात" असं वाचलेलं असतं. त्या मिठाच्या वजनातलं निम्मं पाणीच असतं, १०० ग्रॅममध्ये ५१ ग्रॅम. कोरडं दिसतं, पण आम्लाशेजारी बंद डब्यात ठेवलं की त्यातलं पाणी हळूहळू बाहेर पडायला लागतं. एप्सम सॉल्ट हवंच असेल तर वेगळ्या बरणीत ठेवा आणि पाण्यात वेगळं टाका. पावसाळी गोळ्यात त्याला जागा नाही, याबाबतीत माझं मत ठाम आहे.

चौथं कारण स्वयंपाकघर. भात-आमटीचा कुकर लागलेला, चहा उकळतोय आणि शेजारी ओट्यावर परात. वाफ दिसत नाही तरी मिश्रणाला कळते. बाथ बॉम्ब घरातल्या सगळ्यात कोरड्या खोलीत करा, एसी असेल तर तासभर आधी लावून दार बंद करा. आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं, ते खरोखर घ्यावं असं आहे. आकडा ६० च्या आत असेल तर निश्चिंतपणे करा. ७० च्या वर असेल तर हात घालू नका, दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला की पुन्हा बघा. पावसाळ्यात नुकत्या केलेल्या गोळ्यांवर पंखा लावून वाळवण्यात अर्थ नाही, तो बाहेरची दमट हवाच त्यांच्यावर ढकलत राहतो. फ्रिजमध्ये ठेवण्यातही नाही, बाहेर काढल्याबरोबर गार गोळ्याला पाणी सुटल्यासारखं दिसतं, ते हवेतलं जमलेलं दव असतं.

काढलेले गोळे मोठ्या डब्यात, जाळीवर, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. पण पहिला दिवसभर डब्याचं झाकण नुसतं टेकवा, घट्ट लावू नका. आत क्रिया चालू असेल तर वायू साठत जातो, आणि काचेची घट्ट बरणी त्यासाठी नसते.

किती फवारायचं हे चमच्यात सांगता येत नाही

यावर मी थोडं रेंगाळणार आहे, कारण कृती वाचून करणारा माणूस नेमका इथे अडतो. त्याला आकडा हवा असतो. पण एकाच मिश्रणाला जुलैत जेमतेम काही फवारे लागतात आणि एप्रिलच्या दुपारी त्याच्या तिप्पटही पुरत नाहीत. म्हणून आकडा सोडून मुठीवर या. ज्यांनी घरी बेसनाचा लाडू वळला आहे त्यांच्या हाताला हे आधीच माहीत आहे. मिश्रण मुठीत दाबायचं आणि मूठ उघडायची. आकार टिकला पाहिजे, बोटांचे ठसे स्पष्ट दिसले पाहिजेत, आणि अंगठ्याने टोचल्यावर तो स्वच्छ दोन तुकड्यांत मोडला पाहिजे. तळहाताला चिकटला तर ओल जास्त. टोचायच्या आधीच सुटून पडला तर कमी. एका हाताने फवारायचं आणि दुसऱ्या हाताने सतत चोळत राहायचं, एका जागी धार पडू द्यायची नाही. मिश्रण ओलसर दिसायला लागेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. योग्य टप्प्यावर ते अजून कोरडंच दिसतं, फक्त दाबल्यावर धरतं.

घटक एकत्र करायचा क्रमही कामी येतो. आधी सोड्यात तेल चोळा, प्रत्येक कणाला तेलाचा पातळ थर बसू द्या, मग कॉर्नफ्लोअर, आणि सायट्रिक अॅसिड अगदी शेवटी. तेलाच्या त्या थरामुळे ओल लागली तरी क्रिया सावकाश होते आणि तुम्हाला साच्यात भरायला अवधी मिळतो. कॉर्नफ्लोअर म्हणजे पांढरं, कस्टर्डमध्ये घालतात ते. पिवळं मक्याचं पीठ आणू नका.

उन्हाळ्यातली तक्रार अगदी उलटी

मार्च संपला की पुण्याची दुपार इतकी कोरडी होते की अल्कोहोल परातीतच उडून जातं. तुम्ही मूठ बघता तेव्हा मिश्रण छान असतं, तिसरा साचा भरेपर्यंत ते पुन्हा भुरभुरीत झालेलं असतं. गोळा साच्यातून निघतो, पण कडा झडतात आणि हातात भुगा उरतो. इथे पावसाळ्याचे नियम उलटे करा. एका वेळी निम्मंच मिश्रण भिजवा, उरलेलं झाकून ठेवा. सकाळी लवकर करा. तेल अर्धा चमचा वाढवा. आणि पावसाळ्यात मी नको म्हटलं ते ७० टक्क्यांचं अल्कोहोल या दिवसांत उपयोगी पडतं, त्यातलं पाणी थोडा वेळ मागे राहून मिश्रण धरून ठेवतं. गुलाबपाणी मात्र एप्रिलमध्येही नको.

थंडीत एकच अडचण येते. खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं, आणि डिसेंबर-जानेवारीत पुण्यात सकाळी बाटली पांढरी झालेली असते. घट्ट तेल चमच्याने घातलं की त्याच्या गुठळ्या होतात, गोळ्यावर तेलकट डाग पडतात आणि तिथून तो मोडतो. बाटली कोमट पाण्यात ठेवा, तेल पातळ झालं की मगच सोड्यात चोळा. नाहीतर बदामाचं तेल घ्या, ते या थंडीत पातळच राहतं. एवढं सांभाळलं तर नवशिक्यासाठी थंडीसारखा दुसरा ऋतू नाही. दिवाळीच्या भेटींसाठी करणार असाल तर सप्टेंबरमध्ये घाई करू नका. पाऊस पुण्यातून साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात परततो. त्यानंतर केलेला माल टिकतो.

साच्यात अडकणं, दोन अर्धे सुटणं

याला फार विचार लागत नाही. दोन वाट्यांचा गोळा करायचा असेल तर दोन्ही अर्धे कडेच्या वर ढीग राहील इतके भरा, तो वरचा ढीग दाबू नका, आणि मग एकावर एक सरळ दाबा. सपाट भरून दाबलं तर मध्ये जोडायला काही उरतच नाही. फिरवून घट्ट करू नका. साचा कोरडा हवा, बाहेरून चमच्याने टिचकी मारून सैल करायचा. तुळशीबागेत प्लास्टिकचे साचे हवे तेवढे मिळतात. मोदकाच्या साच्यात फार सुंदर दिसतात, पण कळ्या पाडलेल्या टोकाशी तो नेहमी तुटतो, तेव्हा आधी ते टोक बोटाने गच्च भरून घ्या. पितळी आणि अॅल्युमिनियमचे साचे आम्लाला नकोत. आणि एकदा यासाठी वापरलेला साचा पुन्हा नैवेद्याच्या मोदकांना वापरू नये, सुगंधी तेलाचा वास जात नाही.

फेसच येत नाही

दोन शक्यता. एकतर गोळा वाळताना आतल्या आत निम्मा संपलेला आहे. तो वजनाला हलका आणि पोकळ लागतो, त्याचं काही करता येत नाही. नाहीतर मूळ सामानच चुकीचं आहे. बेकिंग पावडर म्हणजे खायचा सोडा नव्हे, तिच्यात आम्ल आणि स्टार्च आधीच मिसळलेलं असतं. धुण्याचा सोडा तर त्वचेला घातकच, तो चुकूनही नको. चिमूटभर सोडा लिंबाच्या रसात टाका, जोरात फसफसला तर सोडा चांगला आहे. मग तोच सोडा आणि तुमचं सायट्रिक अॅसिड पेलाभर पाण्यात टाकून बघा. इनोच्या पुडीत मुख्यतः हीच जोडी असते, आणि उघडी राहिलेली इनोची पुडी पावसाळ्यात ढोकळा का फुगवत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं.

पाण्याचाही प्रश्न असतो. आपल्याकडे बहुतेक घरांत टब नाही, बादली आहे. पूर्ण गोळा बादलीत टाकून ते पाणी तांब्याने डोक्यावरून घेऊ नका, डोळ्यांत जातं आणि केस चिकट होतात. लिंबाएवढे छोटे गोळे करा आणि पाय बुडवून बसायला घमेल्यात वापरा, त्यासाठी ते अप्रतिम आहेत. पाणी सोसेल इतकं गरम असेल तर फेस भराभर येतो. तेलामुळे फरशी निसरडी होते, शहाबादी फरशीवर तर फारच. घरात म्हातारं माणूस असेल तर लगेच साबण लावून घासून टाका. पायाला जखम असेल, मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झाली असेल किंवा लहान मुलाला इसब असेल तर हा प्रयोग नको.

रंगाची फसगत

हळद घातली तर पिवळं पाणी मिळेल अशी अपेक्षा असते. सोड्यामुळे हळद केशरी-लालसर होऊ शकते, आणि बादलीला लागलेला तो डाग हटत नाही. वाळलेल्या जास्वंदीची पूड उरलेल्या सोड्यामुळे लाल राहत नाही, निळसर-हिरव्याकडे झुकते. गुलाबाच्या पाकळ्या पाण्यात तपकिरी पडतात आणि नाल्याच्या जाळीत अडकतात. उटणं घालून बघायची इच्छा दिवाळीत अनेकांना होते, मला ती समजते, पण भरडलेली उटण्याची पूड ओल धरते आणि बादलीच्या तळाशी बसते. उटणं अंगाला लावा, गोळा पायांसाठी ठेवा. खाण्याचे द्रव रंग पाण्यात कालवलेले असतात, म्हणजे पुन्हा तेच पाणी आत शिरलं. पूडरंग घ्या, तोही अगदी चिमूटभर. दालचिनी आणि लवंगेची सुगंधी तेलं त्वचेला भाजतात, ती टाळा.

ठेवणं, देणं, विकणं

पूर्ण वाळलेला गोळा आधी स्वयंपाकघरातल्या पातळ प्लास्टिकच्या फिल्ममध्ये घट्ट गुंडाळा, मग शोभेच्या पिशवीत घाला. रविवार पेठेत बोहरी आळीत मिळणाऱ्या जाळीदार पिशव्या दिसायला सुरेख, पण त्या हवा अडवत नाहीत. नुसत्या जाळीच्या पिशवीत दिलेला गोळा ऑगस्टमध्ये समोरच्याच्या घरी जाऊन फुगतो. विक्रीचा विचार असेल तर आधी परवान्याचं बघा. सौंदर्यप्रसाधनं विकण्यासाठी बनवायला २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे राज्याच्या औषध प्रशासनाचा परवाना लागतो, घरगुती असलं तरीही.

आणि जो घाणा बिघडलाच, तो पुन्हा भिजवून वळायला जाऊ नका. त्यातलं बरंच आम्ल संपलेलं असतं. गोळे फोडून थाळीत पातळ पसरा, एसीच्या खोलीत किंवा कडक ऊन पडेल त्या दिवशी खडखडीत वाळू द्या, हाताने चुरा आणि रुंद तोंडाच्या बरणीत भरा. पाय बुडवायच्या कोमट पाण्यात दोन मोठे चमचे टाकले तर थोडी फसफस अजून होते, वासही येतो. रंग किंवा तेल फार झालं असेल तर तो भुगा वॉश बेसिन घासायला वापरा आणि वरून गरम पाणी ओता.